एका ओळीपुरता गप्प

आमच्या गायकवृंदात खर्जात गाणारे तिघे. त्यातल्या दोघांचा आवाज सर्दी झाली तरच खाली उतरायचा. खरा खर्ज एकट्या भोंग्याचा; त्या आवाजावरूनच त्याला हे नाव पडलं होतं. भोंगा बस डेपोत मेकॅनिक. तालमीला यायचा तेव्हा नखांत ग्रीस असायचं. तरुणपणी तो लढाईवर जाऊन आला होता. त्याच्या तुकडीतले बाकीचे परत आले नाहीत.

त्यांच्यासाठीच बाईंनी त्या वर्षी गाणं रचलं, त्यांच्या स्मृतिदिनाला गायचं म्हणून. बाई म्हणजे शाळेतल्या संगीतशिक्षिका. शब्द त्यांचे, चालही त्यांची. शाळेच्या सभागृहात तालीम सुरू झाली. गाणं छान बसत होतं, पण दुसऱ्या कडव्यात ‘भय न उरी, ते पुढे गेले’ ही ओळ आली की खालचा आधारच निघून जायचा. बाईंनी दोनतीनदा थांबवलं, पुन्हा घ्यायला लावलं. शेवटी त्या पियानोसमोरून उठल्या.

“भोंगेराव, या ओळीला तुमचं तोंड मिटलेलं असतं.”

“हो.”

“सूर जड जातो का?”

“सूर नाही. शब्द जड जातात. भय होतं, बाई. सगळ्यांनाच होतं. मी तिथं होतो. आता उलटं कसं गाऊ?”

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “समोर त्यांच्या आया बसणार आहेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “त्यांच्या जिवाला थोडा गारवा मिळावा म्हणून लिहिलंय हो मी. एका ओळीपुरतं मन मोठं करा ना.”

त्यातली एक आई आमच्यातच उभी होती. मधल्या सुरात गाणाऱ्या मावशी. शिवणकाम करायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा भोंग्याच्याच तुकडीत होता. डेपोचे गणवेश मावशींकडे शिवायला जायचे. भोंगा आपला गणवेश आणायला बायकोला पाठवायचा. मावशींनीही त्याला कधी काही विचारलं नव्हतं. आज त्यांनी चष्मा काढला आणि मागे वळल्या.

“माझा घाबरला होता?”

“मावशी, राहू द्या.”

“इतकी वर्षं राहूच दिलं की. सांग.”

भोंगा खाली बघत बोलला. “घाबरला होता. गणवेशाचं बटण लागेना त्याला. मी लावून दिलं. मग म्हणाला, तू मागे थांब, तुझी बायको पोटुशी आहे. आणि गेला.”

मावशींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

“झुरळाला भ्यायचा तो,” त्या म्हणाल्या. “अंधारात पाणी प्यायचं असलं तर मला उठवायचा. बाई, तुमचं मन मला कळतं. पण त्याला भय नव्हतं असं गायलं, की दुसऱ्याच कुणाचा मुलगा वाटतो मला.”

बाई पियानोकडे गेल्या. स्वतःचं लिहिलेलं खोडताना हात जड होतोच. बराच वेळ एकच सूर दाबत राहिल्या. मग त्यांनी ‘न’ काढला, ‘ते’चं ‘तरी’ केलं आणि गाऊन दाखवलं. ‘भय उरी, तरी पुढे गेले.’ मात्रा तेवढ्याच राहिल्या.

“आता येईल?” त्यांनी विचारलं.

“बघतो,” भोंगा म्हणाला.

कार्यक्रमात तो सगळं गायला. दुसऱ्या कडव्यात आवाज थोडा फाटला, पण सोडला नाही. एका निवृत्त साहेबांना ती ओळ रुचली नाही. अशा दिवशी भीतीचं नाव कशाला, असं ते बाईंना तोंडावर म्हणाले. पहिल्या रांगेतली एक आईही नाराज होऊन गेली. बाईंना ते लागलं. ओळ मात्र त्यांनी बदलली नाही.

भोंगा त्या संध्याकाळी पहिल्यांदा मावशींच्या घरी गेला. मावशींनी मशीनवरचं कापड बाजूला सारून त्याला बसायला जागा करून दिली.

“मरणाचं कळलं,” त्या म्हणाल्या. “आता त्याच्या आधीचं सांग. तिथं तो कुणाशी भांडायचा, कशाला हसायचा?”

“भांडायचा माझ्याशीच,” भोंगा म्हणाला, आणि सांगू लागला.