बाहेर थांबणारी

दुकान उघडायच्या आधी दर्शना घाडीगावकर समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी राहायची. अंधेरी पश्चिमेच्या त्या रस्त्यावर 'आवड' नावाचं मोठं दुकान होतं. कपडे, चादरी, स्वयंपाकघरातली भांडी, सगळं मिळायचं. दर्शना तिथे असिस्टंट मॅनेजर, आणि चाव्या तिच्याकडे. पलीकडून पाहिलं की सगळं दुकान एका नजरेत यायचं. शटर कुठे वाकलंय का, कुलपं जागेवर आहेत का, पायरीवर कोणी उगाच घुटमळतंय का. सगळं ठीक दिसलं की मगच ती रस्ता ओलांडायची.

दुसरा नियम असा की एकट्याने उघडायचं नाही. एकीने आत जायचं आणि काचेचं दार आतून लावून घ्यायचं. मग अलार्म बंद करायचा, दिवे लावायचे, ट्रायल रूम, गोदाम, बाथरूम बघायचं, मागच्या संकटकाळच्या दाराची रात्रीची साखळी काढायची. सगळं पाहून झालं की काचेपाशी येऊन हात वर करायचा. तोपर्यंत दुसऱ्याने बाहेर थांबायचं. आतली बाई परत दिसली नाही, तर बाहेरच्याने आत शिरायचं नाही, माणसं बोलवायची. "दोघंही आत अडकलात तर बाहेर सांगणार कोण?" ट्रेनिंग द्यायला आलेल्या बाईंनी विचारलं होतं. इतक्या वर्षांत दर्शनाला आत कोणी सापडलं नव्हतं. एकदा मांजर निघालं होतं, तेवढंच.

बाहेर थांबायला पूर्वी वॉचमन अण्णा असायचे. उन्हाळ्यात कंपनीने सिक्युरिटीची एजन्सी बदलली आणि अण्णा गेले. नवीन एजन्सी दर आठवड्याला नवा माणूस पाठवायची. त्याला सगळं पहिल्यापासून शिकवायचं, तो शिकेपर्यंत दुसरा यायचा. त्यात दुसरी चावीवाली, शीतल, बाळंतपणाच्या रजेवर. म्हणजे दर्शनाची आठवड्याची सुट्टीही गेली. नवरा सुयोग विमानतळावर कार्गोत रात्रपाळीला. तो घरात शिरायचा तेव्हा ही चपला घालत असायची. "डबा ओट्यावर आहे," "गॅस संपत आलाय," एवढंच बोलणं व्हायचं. रात्री जेवताना हातातला घास हातातच राहून तिचा डोळा लागायचा. मुलगी श्रुतिका मग हलवून उठवायची.

दिवाळीच्या सेलचा पहिला दिवस होता. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच चटके देत होतं. दर्शना पायरीपाशी आली तर वॉचमनचा पत्ता नाही. एजन्सीत फोन कोणी उचलेना. तिने मॅनेजर नितेश सावंतांना फोन लावला. सांताक्रूझच्या शाखेचा मॅनेजर नोकरी सोडून गेल्यापासून ते दोन्ही दुकानं बघत होते.

"मॅडम, आज नका ना उशीर करू. उघडा."

"एकटीने नाही उघडणार, सर."

"दिवसाउजेडी काय होणार आहे? सेल्सच्या मुलींना लवकर बोलवा."

"त्या बसमध्ये आहेत. त्यांना यायला वेळ आहे."

"मग कोणाला तरी उभं करा बाहेर. इथे सांताक्रूझलाही गार्ड आलेला नाही. मी काय स्वतःचे दोन तुकडे करू?"

त्यांचा आवाज रात्रभर न झोपलेल्या माणसासारखा होता. दर्शनाला राग यायला हवा होता, पण राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते. तिने फोन ठेवला.

कोपऱ्यावर निलेशच्या औषधांच्या दुकानाशेजारी कृष्णाबाई मासे घेऊन बसली होती. वेसाव्याची कोळीण, साठीच्या पुढची, अंबाड्यात अबोलीचा गजरा. ती रोज सकाळी दर्शनाला हाक मारायची आणि दर्शना रोज हसून पुढे जायची, कारण दिवसभर दुकानात मासे ठेवणार कुठे?

"कृष्णामावशी, माझं एक काम करशील? जरा दुकानापाशी उभी राहा."

"का गो? चोर हाय आत?"

"चोर नाही गं. नियम आहे." दर्शनाने सगळं समजावलं. "मी काचेपाशी येऊन हात वर केला की तू मोकळी. नाही आले तर आत यायचं नाही. निलेशला बोलव, रस्त्यावरच्या माणसांना बोलव. पण तू आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"कललं. उडी नाय मारायची, बोंब मारायची." कृष्णाबाईने पाटीवर ओलं फडकं टाकलं आणि गुडघ्यावर हात देत उठली. "ती मला चांगली जमते."

दर्शनाने कुलपं काढली, शटर अर्ध्यावर उचललं, वाकून आत गेली. काचेच्या दाराचं कुलूप खाली जमिनीलगत होतं. ते आतून लावताना रोज तिची कंबर धरायची, तशी आजही धरली. दाराशेजारच्या पेटीवर आकडे दाबून तिने अलार्म बंद केला. दिव्यांचे मेन स्विच पार मागे, गोदामात. तिथपर्यंत अंधारातूनच जावं लागायचं. मोबाइलचा टॉर्च लावून ती निघाली. ट्रायल रूमचे पडदे एकेक करून सरकवले. आत कोणी नव्हतं.

गोदामाच्या बोळात सेलचा माल कालच येऊन पडला होता. कुकरचे खोके वाट अडवून एकावर एक रचलेले. ही वाट मोकळी ठेवायची म्हणून तिने काल संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मग स्वतःच दमून घरी गेली होती. ती खोक्यांच्या कडेने आत सरकली आणि पाय घसरला. वरचा एसी आठवडाभर गळत होता. तक्रार करून तिचं तोंड दुखलं होतं. रात्रभरात लादीवर पाण्याचं तळं झालं होतं. आधाराला तिने खोक्याला हात घातला, तर खोकाच वरून आला आणि घोट्यावर आदळला. मोबाइल हातातून उडून लांब एका रॅकखाली गेला. तिथून उजेडाची एक पट्टी बाहेर येत राहिली.

काही क्षण काहीच दुखलं नाही. लादी गार होती. बाहेरच्या गाड्यांचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. कोणी हाक मारत नव्हतं, कोणी काही मागत नव्हतं. आडवं पडून तिला बरं वाटलं. अगदी खरंखुरं बरं वाटलं. हे तिने पुढे कोणालाच सांगितलं नाही. तिचे डोळे मिटायला लागले.

मग घोट्यातून कळ आली, आणि ती मोठ्याने ओरडली.

ओरडून उपयोग नव्हता. मध्ये कपड्यांच्या रांगाच रांगा आणि पुढे बंद काच. तिने खोका ढकलला, मोबाइलकडे हात लांबवला, तो पुरेना. रॅकखालच्या उजेडात तिला दिसलं की पाणी भिंतीकडे वाहत चाललंय आणि तिथे जमिनीवर इस्त्रीचा वायरबोर्ड पडलाय. आता कोणी येऊन मेन स्विच वर केला तर? मुली आल्या की काच फोडून धावत आतच येणार. 

तेवढ्यात बाहेरून हाक आली. काचेतून, कपड्यांतून, अंधारातून आली.

"दर्शनाऽऽ! ए दर्शनाऽऽ! हात दाव गो!"

शटरवर धडाधड थापा पडायला लागल्या. दर्शना कोपरांवर रेटत निघाली. एकेक रांग मागे पडत होती. चादरी, टॉवेल, लहान मुलांचे फ्रॉक. पाय मागून ओढला जात होता, कुठे अडकला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मधल्या वाटेवर आल्यावर तिला काच दिसली आणि काचेपलीकडे कृष्णाबाईचं हिरवं लुगडं. दर्शनाने होती तिथूनच हात वर केला.

तिला वाटलं, आता ही जाणार. हात वर म्हणजे सगळं ठीक, हे मीच तिला सांगितलंय.

पण कृष्णाबाई गेली नाही. ती काचेला नाक लावून वाकली, तिने दर्शनाला जमिनीवर पाहिलं आणि अशी बोंब ठोकली की समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. निलेश काउंटर टाकून धावला. दोन रिक्षावाले आले. कोणीतरी म्हणालं, काच फोडा.

"थांबा!" दर्शना ओरडली. दारापर्यंत ती कशी पोचली ते तिला नीट आठवत नाही. कुलूप खालीच होतं, पडल्यापडल्या हाताला लागलं. कमरेच्या जुडग्यातून चावी काढून तिने ते फिरवलं.

दार ढकलून निलेश आत आला. "ताई, अंधार आहे, लाइट कुठे लावू?"

"लाइट लावू नको! मागे पाणी आहे. मेनला कोणी हात लावायचा नाही, आधी ते ऐका."

निलेश होता तिथे थांबला. रिक्षावाले थांबले. कृष्णाबाई अजून उंबऱ्याच्या बाहेरच होती. हात छातीशी धरलेले, धाप लागलेली, आणि पाय तसूभर आत नाही.

"मावशी, ये ना आता आत," दर्शना म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"तूच सांगितलंस नाय यायचं," कृष्णाबाई आत येत म्हणाली. तिने बसकण मारली आणि दर्शनाचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या लुगड्याला माशांचा वास होता. "हात वर केलास, पन उभी कुठं होतीस? म्हनून बोंब मारली."

बाहेर तिच्या पाटीतलं एक पापलेट मांजराने पळवलं होतं. ते तिला नंतर कळलं आणि त्या मांजराचा तिने सात पिढ्यांसकट उद्धार केला.

हॉस्पिटलमध्ये घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. सुयोग ड्युटीच्या कपड्यांतच आला. नितेश सावंत दुपारी आले. हातात शहाळं, डोळे लाल. 

"हेड ऑफिस विचारतंय, बाहेरच्या बाईला का उभं केलं."

"मग काय सांगितलंत?"

"मीच सांगितलं होतं म्हणून." त्यांनी शहाळं स्टुलावर ठेवलं. "गार्ड नव्हता, एसी गळत होता, वाट अडवलेली होती. सगळं सांगितलं. आज दुकान बंदच ठेवलं. वायरमन आलाय."

"सेलचा पहिला दिवस."

"असू दे." ते खुर्चीत बसले. "मॅडम, ती बाई नसती तर मुली आल्या असत्या, काच फोडून आत घुसल्या असत्या, लाइट लावला असता..."  थोड्या वेळाने दर्शनाने पाहिलं, तर ते बसल्या जागी पेंगत होते. तिने नर्सला खुणेने सांगितलं, राहू दे.

दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. जोगेश्वरीच्या घरात खिडकीपाशी पलंग ओढून दर्शना पडून राहिली. पहिले काही दिवस सावंतांचा रोज सकाळी फोन यायचा, साखळीची चावी कोणती, पेटीवरचे आकडे दाबल्यावर लाल दिवा का जात नाही. ती सांगायची, आणि शेवटी विचारायची, "बाहेर कोण आहे?" पहिल्या दिवशी ते म्हणाले, "कोणी नाही." "मग थांबा, सर," ती म्हणाली. "कोणीतरी येईपर्यंत उघडू नका." ते थांबले. त्या आठवड्यात दुकान रोज उशिराच उघडलं. मग कंपनीने कायमचा एक गार्ड दिला, आणि सकाळच्या पाळीला आणखी एका मुलीला चावी दिली. सेलमधलं नुकसान बघून दिली की दर्शनाचा पाय बघून, हे कोणी सांगितलं नाही. दर्शनाने विचारलंही नाही.

एका दुपारी दार वाजलं. श्रुतिका कॉलेजला होती, सुयोग आतल्या खोलीत झोपला होता. "उघडंच आहे," दर्शना म्हणाली. कृष्णाबाई आली. पाटी रिकामी, हातात केळीच्या पानात गुंडाळलेले बोंबील.

"रिक्षा केली काय गं एवढ्या लांब?"

"बशीतून आलू. दोन जिने चढलू. लिफ्ट नाय तुमच्याकडं?"

"नाही ना. बस, पाणी घे."

कृष्णाबाई खाली लादीवर बसली, भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले. पहाटे चारला मासे घ्यायला धक्क्यावर, मग दिवसभर ऊन, असं काहीतरी सांगत होती. तिची सून आता मासे विकायला तयार नाही, ती मॉलमध्ये लागली, तिथे पण उभंच राहायचं असतं म्हणे, मग इथे बसून काय वाईट होतं. बोलता बोलता आवाज बारीक झाला. मान एका बाजूला कलली.

दर्शनाने तिला हाक मारली नाही. पलंगावरची एक उशी खाली टाकायचा प्रयत्न केला, ती भलतीकडेच पडली. पंखा घरघरत होता. आतून सुयोगचं घोरणं येत होतं. बोंबील फ्रिजमध्ये ठेवायला हवेत, असा विचार तिच्या मनात आला. पण उठणार कोण? तिने भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.