मोडक्या पिंजऱ्याची साक्ष

मी पिंजरा बोलतोय. कबुतरांचा, वाळुंजाच्या काड्यांचा. यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात मी काय पाहिलं, ते सांगितल्यावाचून मला आजही राहवत नाही!

मला विणलं शाफिरामावशीनं. नवरा गेल्यापासून ती अर्पणाची कबुतरं विकून पोट भरायची. विणताना काडी बोटात घुसली, की मलाच शिव्या. "नीट वाक की मेल्या!" मी वाकायचो.

वल्हांडण आला, की माणसावर माणूस! पूर्वज गुलामीतून सुटले, त्याचा हा सण. सुटकेची गाणी गाणारी ती गर्दी बघून आमच्यावर राज्य करणाऱ्या रोमचे शिपाई धास्तावायचे. छतांवर भाले घेऊन ते दिवसभर उभे.

आणि त्या वर्षी एका दिवशी धडाड्! गालीलहून आलेल्या एका उपदेशकानं विक्रेत्यांचे बाक उलथून टाकले. मी गडगडत गेलो, एक कूस मोडली, दार उघडलं आणि सहाच्या सहा कबुतरं भर्रकन आभाळात! आयुष्यात पहिल्यांदाच मला इतकं हलकं वाटलं. मावशी मात्र बोंबलत होती, "अरे, माझी पाखरं! हात झडोत तुझे!"

दोन दिवसांनी मंदिराचा कारकून पशहूर आला.

"मावशी, गाऱ्हाणं घाल. नवे पिंजरे देववतो."

"घालते की! कुणापुढं?"

"आधी आमच्यापुढं. मग रोमी सुभेदारापुढं."

"सुभेदार? सहा कबुतरांसाठी?"

पशहूर खाली वाकला. "कबुतरांचं कोण विचारतंय? लोक त्या गालीलवाल्याला राजा म्हणायला लागलेत. रोमचा बादशहा कैसर असताना दुसरा राजा म्हणजे राजद्रोह. सणात दंगल पेटली तर ते भाले खाली उतरतील, मावशी. मला चार लेकरं आहेत."

माणूस वाईट नव्हता. भ्यालेला होता.

"माझा लेक तोबीयाही मागं एका दंगलीत, गर्दीत नुसता उभा होता," मावशी म्हणाली. "रोम्यांनी वधस्तंभावर चढवला. दोन दिवस जीव जात नव्हता त्याचा. हा गालीलवाला भेटला, तर त्याच्या कानाखाली दोन वाजवीन मी. पण त्याला रोमच्या हाती द्यायला माझा पिंजरा मिळायचा नाही."

"तू नाही, तर दुसरं कुणी देईल."

"मग जा दुसऱ्याकडं!"

पशहूरनं पुरावा म्हणून मला उचललं. मावशीनं झडप घातली. ओढाताणीत माझी दुसरी कूसही गेली, पण मी तिच्याच हातात राहिलो. तिचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

तरी व्हायचं ते झालंच. शुक्रवारी शेजारची रिस्पा धापा टाकत आली. "चढवला गं त्या गालीलवाल्याला वधस्तंभावर! डोक्याच्या वर गुन्ह्याची पाटी ठोकलीय."

"काय लिहिलंय? कबुतरांचं?"

"छे!"

"मंदिराचं?"

"नाही. 'यहूद्यांचा राजा'. एवढंच."

मावशी ताडकन उठली. मग मोठ्यानं म्हणाली, "म्हणजे एवढ्या फौजेला एका माणसाची भीती वाटली!"

"हळू बोल बाई, शिपाई आहेत!"

मावशी हळू बोलली नाही. तेच पुन्हा म्हणाली, आणखी मोठ्यानं.

आता मी तिच्या भिंतीला टांगलेला आहे. माझ्यात कांदे असतात, वास मारतो, पण चालायचंच. तुम्हाला एक विनवणी. रागाच्या भरात असताना कुणी तुमचं गाऱ्हाणं लिहून घ्यायला गोड बोलत आलं, तर अंगठा उठवण्याआधी एवढं विचारा, की या कागदावर जीव कुणाचा जाणार आहे?