दोन माणसांची फी

मी एक जुनी घरगाडी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्याभोवती चकरा मारणाऱ्या माणसावर माझा चटकन विश्वास बसत नाही. माझ्या वयाच्या गाडीभोवती कोणी उगाच फिरत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका कारखान्यात सत्तावीस वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. आधी सांगाडा, मग फरशी, मग भिंती. ज्या बाईने माझे पडदे शिवले तिने एका पडद्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आपले नाव लिहिले होते. नेब्रास्कात शाळेच्या बस दुरुस्त करणारे ऑर्विल टिडमन निवृत्त झाले आणि त्यांनी मला विकत घेतले. एक पलंग, दोन शेगड्या आणि आत वळताही येणार नाही अशी न्हाणी, एवढाच माझा संसार. पण ऑर्विल माझ्या काचा रोज पुसत.

दर जुलैत आम्ही माझ्या जन्मगावी मेळाव्याला जात असू. तो मला बनवणारी कंपनीच भरवते. गवतावर शेकडो गाड्या रांगेने उभ्या राहत. पिवळे जाकीट घालून, हाताने खुणा करत ऑर्विल त्या जागेवर लावून देत. सकाळी डोनट, दुपारी उकडलेला मका, संध्याकाळी बँड. शेवटच्या सकाळी मंडपात वर्षभरात गेलेल्या माणसांची नावे वाचत. एक नाव, एक घंटा. तेवढा वेळ कॉफीच्या रांगेतही कोणी बोलत नसे.

मग मेळाव्याची फी वाढू लागली. एका वर्षी फीबरोबर टोपी मिळाली, पुढच्या वर्षी पिशवी. ऑर्विल टोपी उलटसुलट करून पाहत आणि म्हणत, "ही फुकट दिली म्हणतात ना, मग हिचेच पैसे वाढवलेत." पुढे गाड्या लावायचे काम ठेकेदाराला गेले आणि पिवळी जाकिटे परत मागवली गेली. नंतर विजेचे पैसे वेगळे झाले. आमच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना संशय होता, की चकचकीत नव्या गाड्यांशेजारी आम्ही कंपनीला नको आहोत. जा म्हणता येत नाही, म्हणून फी वाढवतात. माझाही तोच संशय आहे, आणि तो अजून गेलेला नाही. आमची रांग सोळा गाड्यांची होती. ती पाचांवर आली.

गेल्या डिसेंबरात ऑर्विल वारले. शेडमध्ये मी तीन महिने अंधारात उभी होते. उंदरांनी माझी गादी कुरतडली. मार्चमध्ये त्यांची मुलगी जॅनेल आली, माझ्या चालकाच्या खुर्चीवर बसली आणि किल्ली न फिरवताच उतरून गेली. पुढच्या शनिवारी मात्र ती बादली आणि फडकी घेऊन आली. मंडपात वडिलांचे नाव वाचले जावे, एवढ्यासाठी मला एकदा मेळाव्याला न्यायचे आणि मग विकायचे, असे तिने ठरवले होते.

तिने कंपनीला फोन करून विचारले, मी एकटीच येणार, तर फी अर्धी होईल का? उत्तर अदबीने आले. फी गाडीमागे दोन माणसांची. एक आला तरी तेवढीच.

त्याच सुमारास डेलमार ह्रुस्का येऊ लागले. मेळाव्यात त्यांची गाडी वर्षानुवर्षे माझ्या शेजारी उभी असे. बायकोला, अर्डिसला, पायऱ्या चढवेनात आणि फीही झेपेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती विकली होती. आता दर शनिवारी खसखशीचे गोड पाव घेऊन ते हजर. माझी चाके अंगठ्याने दाबून पाहत. शिडीने छपरावर चढून सांधे तपासत. फी किती झाली विचारत. बरोबर कोण येतंय, हेही विचारत. मला ते मुळीच आवडले नाही. जॅनेललाही नाही. वडील गेले म्हटल्यावर गाडी स्वस्तात मिळेल, असा त्यांचा हिशोब असणार, असे ती बहिणीला फोनवर म्हणाली.

चौथ्या शनिवारी तिने पाव बाजूला सारले.

"डेलमार, मनात काय आहे ते सांगून टाका. गाडी हवी असेल तर भाव बोला. पण पाव आणू नका, माझ्या जीन्सचं बटण लागेना झालंय."

ते हसले. "गाडी ठेवू कुठे, पोरी? मीच मुलाच्या गॅरेजवरच्या खोलीत राहतो." मग फडक्याला हात पुसत राहिले. "अर्डिस फेब्रुवारीत गेली, ते तुला माहीत आहे. तिचं नाव मी कंपनीला कळवलं. पत्र आलं, गाडी विकली तेव्हाच सभासदत्व संपलं, नाव वाचता येणार नाही म्हणून. एकोणीस वर्षं तिने त्या मंडपात कॉफी ओतली."

जॅनेलने बाजूला सारलेले पाव पुन्हा जवळ ओढले.

"आत आलेल्या प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात. एकच नाव लिहायचं. तुझ्या गाडीत दुसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. तिची फी मी देतो. हे विचारायला मला चार शनिवार लागले."

"फी भरून झालीय," जॅनेल म्हणाली. "दोघांची."

जुलैत आम्ही गेलो. फाटकावर ठेकेदाराकडे कामाला असलेल्या मुलीने दोघांकडे निरखून पाहिले आणि हे तुमचे कोण, असे विचारले.

"दुसरा माणूस," जॅनेल म्हणाली. "पैसे घेताना तुम्ही विचारलं नव्हतं."

शेवटच्या सकाळी मी गवतावर उभी होते. नावे कर्ण्यावरून ऐकू येत होती. आधी अर्डिस ह्रुस्का, मग बऱ्याच वेळाने ऑर्विल टिडमन. माझ्या शेजारची जागा रिकामीच होती. दोघे परत आले, तेव्हा डेलमार पायरीवर बसले आणि जॅनेलने न विचारता त्यांच्यासाठी कॉफी ठेवली.

ऑगस्टमध्ये तिने मला विकायला काढले. मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. जुनी वस्तू विका, मोडीत काढा, तिच्या जागी नवी आणा. पण तिच्याबरोबर तिच्यात राहून गेलेल्या माणसांची नावे यादीतून खोडू नका. तेवढी सांभाळा.