पान काढणे

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे हो! एका मासिकाच्या संकेतस्थळामागे परवानग्यांची यादी आहे, तिथली नखाएवढी चौकट. ज्याच्या नावापुढे माझ्यात बरोबरची खूण पडते, त्यालाच माझं काम करता येतं. खूण नसेल, तर त्याला बटणही दिसत नाही.

मला प्रोग्रामरबाईंनी घडवलं. विकत घेतलेल्या व्यवस्थेत ठरावीकच परवानग्या होत्या, मासिकाच्या साहेबांना एक जास्तीची हवी होती. बाईंनी घाईघाईत माझ्यापुढे लिहिलं, 'पान काढणे'. त्यांच्या मनात होतं, पान पुसून टाकणे. पण त्या कचेरीत चाळीस वर्षं अंक काढत होते, विशेषांक काढत होते. काढणे म्हणजे छापून लोकांपुढे ठेवणे! शेजारच्या चौकटीवर 'प्रकाशन मंजुरी' असे भारदस्त शब्द होते. ते वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

तिथे टायपिंग करणाऱ्या एक मावशी होत्या. साहेबही त्यांना मावशीच म्हणत, विशेषतः उष्टे कप उचलायला सांगताना. वाचक आपल्या गेलेल्या माणसांविषयी पत्रं पाठवायचे. ती मावशींनी नऊ वर्षं टाइप केली. दोनशे बारा पानं झाली. मूळ पत्रं साहेबांनी जागा अडते म्हणून रद्दीत घातली होती. त्या पानांत एक पान मावशींच्या स्वतःच्या मुलीचं होतं. तिच्याविषयी त्यांनी दुसरीकडे कुठेच लिहिलं नव्हतं.

"साहेब, एवढी पानं काढू द्या ना," त्या दर महिन्याला म्हणत.

"रडगाणी कोण वाचतंय?" साहेब म्हणत. एके दिवशी मात्र ते कंटाळले. "काढा बाई, काढा एकदाची!" म्हणत त्यांनी यादी उघडली, 'पान काढणे' वाचलं आणि मावशींच्या नावापुढे माझ्यात खूण केली. मावशींनी ती जवळ वाकून पाहिली. केवढ्या हरखल्या होत्या! मी जीव तोडून ओरडले असते, पण मला तोंड कुठे आहे?

मावशींनी सगळी पानं निवडली. पडद्यावर प्रश्न आला, 'नक्की काढायची?'

"नक्की म्हणजे काय, आजच!" त्या हसून म्हणाल्या, आणि दोनशे बारा पानं गेली. प्रसिद्ध न झालेल्या पानांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मावशींच्या ओरडण्याचा आवाज ऐकून सगळे धावत आले. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी आपल्या टेबलाशी जाऊन माझ्यातली खूण गुपचूप पुसली आणि मग प्रोग्रामरबाईंना बोलावलं.

"बघा, यांच्या नावापुढे चौकट रिकामी आहे. म्हणजे यांनी माझा पासवर्ड चोरला."

"चोरला?" मावशी म्हणाल्या. "अहो, तुम्हीच खूण केलीत! बाई, तुम्ही सांगा ना."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यापुढचे शब्द वाचले आणि त्यांना सगळं कळलं. मित्रांनो, माझा जीव त्यांच्यात अडकला होता. खरं बोलल्या असत्या, तर चूक त्यांच्याही गळ्यात पडली असती. खूण कोणी केली, कोणी पुसली, याची नोंद ठेवायची सोयही त्यांनी केली नव्हती.

"चौकट रिकामी आहे," बाई म्हणाल्या.

मावशींना त्याच दुपारी घरी पाठवलं. जाताना साहेबांनी त्यांची पिशवी तपासायला लावली. मावशींनी ती स्वतःच उघडून धरली. दुसऱ्या दिवशी बाईंनी माझं नाव बदलून 'पान कायमचे पुसणे' असं केलं. आता मला सगळे जपून वापरतात, माझं कौतुकही होतं. असलं कौतुक जळो!

मित्रांनो, शब्द जपून वापरा, हे तुमचे गुरुजी सांगतीलच. माझं मागणं वेगळं आहे. रिकाम्या चौकटीकडे बोट दाखवून कोणी कोणाला चोर म्हणालं, तर ती रिकामी कोणी केली, एवढं विचारा. त्या दिवशी माझ्यासमोर सहा माणसं उभी होती. एकानेही विचारलं नाही.