एकशे अठरा

"मारा आता सेल, आण्णा!" इलाही बॉनेटखालून ओरडला.

हंबीररावांनी चावी फिरवली. वडिलांच्या वेळची फियाट एकदा थरथरली आणि नव्या इंजिनाच्या आवाजानं इलाहीची उचगावची पत्र्याची शेड भरून गेली. हंबीररावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

इंजिन त्यांच्या मुलाच्या, राजवर्धनच्या गाडीतलं. आठ महिन्यांपूर्वी ती गाडी हातकणंगले रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली घुसली. टप कापला गेला, राजवर्धन जागीच गेला, इंजिन तेवढं शाबूत राहिलं. आजोबांच्या फियाटला नवं इंजिन बसवायचं, हा पोराचा ध्यास होता. म्हणून बापानं ते इलाहीकडं आणून टाकलं.

इलाही तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करत होता. फियाटच्या वायरी तो डोळे मिटून जोडायचा. पण या इंजिनाला कॉम्प्युटर, सेन्सर, वायरींचं जंजाळ. महिनाभर त्यानं एकेक वायर चाचपून जोडली. काहींवर वाळलेलं रक्त होतं. ते त्यानं कुणाला न सांगता पेट्रोलनं पुसलं.

आता गाडीच्या कॉम्प्युटरच्या पोटातलं वाचायला त्यानं स्कॅनर लावला. एक जुना बिघाड नोंदलेला होता, अपघाताच्या क्षणाचा. त्याखाली तेव्हाचा वेग. इलाहीनं स्क्रीन छातीकडं वळवला.

"काय दावतंय रं?"

"काय न्हाय, आण्णा. जुनं हाय."

"स्पीड असतंय न्हवं त्यात? चाळीसच्या वर नसणार. माझं पोरगं कधी गाडी पळवायचं न्हाय. त्या कृष्णातनंच ट्रॉली आडवी घातली."

ट्रॅक्टरवाल्या कृष्णातवर केस चालू होती. हंबीररावांनी ती धसाला लावली होती. आता पंचक्रोशीत कुणी त्याला ट्रॅक्टरवर बसू देत नव्हतं.

नोंद पुसायचं बटण इलाहीच्या अंगठ्याखालीच होतं. दाबलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. त्यानं इंजिन बंद करायला लावलं आणि स्कॅनर हंबीररावांपुढं धरला.

एकशे अठरा.

हंबीरराव बघतच राहिले. "पुसता येतंय?"

"येतंय."

"मग पूस की!"

"माझ्या हातनं न्हाय हुणार. पुसायचं तर तुम्हीच पुसा."

हंबीररावांचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच अडलं. "हे भाईर गेलं तर राजवर्धनची आई मला दारात उभं करायची न्हाय, इलाही," ते म्हणाले. मग त्यांनी मोबाइल काढला आणि त्या आकड्याचा फोटो घेतला.

सोमवारी तो फोटो घेऊन ते वकिलाकडं गेले. पुढं कृष्णात सुटला. राजवर्धनची आई, संयोगितावहिनी, माहेरी गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

परवा इलाहीला ती फियाट हमरस्त्यावर दिसली. हंबीरराव एकटेच होते. गाडी अगदी कडेनं, दुसऱ्या गिअरमध्ये चालली होती. मागून ट्रक, एसट्या हॉर्न मारत होत्या. इंजिनाची घुसमट इलाहीला लांबूनही ऐकू येत होती. हंबीरराव गिअर बदलत नव्हते.