तीनदा म्हणजे उगाच

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. पण बरीच वर्षं या गल्लीत मला घंटा कोणी म्हणत नव्हतं. इथे मी भूत होते.

ओताऱ्याच्या मुशीत उरलेल्या मूठभर पितळेतून मी झाले. अंगाने लहान, आवाजाने तिखट. मला टांगलं ते पोलादी पट्टीच्या वेटोळ्यावर. पट्टी जराशी हलली की मी वाजते, आणि वाजून झाल्यावरही बराच वेळ थरथरत राहते. स्वस्थ बसणं माझ्या घडणीतच नाही.

सुरुवातीला मी एका घड्याळजींच्या दुकानाच्या दारावर होते. पुढे ते जिन्यावरून पडले, कमरेखालचं अंग लुळं झालं, दुकान बंद पडलं आणि मी त्यांच्याबरोबर या घरी आले. त्यांची खोली पुढे, स्वयंपाकघर पार मागे. भिंती जाड, हाक पोचेना. तेव्हा घड्याळजींनी पलंगावर पडल्या पडल्या युक्ती काढली आणि त्यांच्या मुलीने, चिमीने, ती अमलात आणली. पलंगाजवळून सुती दोरी खिडकीबाहेर काढली, वळचणीखाली बसवलेल्या छोट्या चाकांवरून मागे नेली आणि झरोक्यातून आत घेऊन मला बांधली.

"एकदा वाजली तर पाणी. दोनदा वाजली तर कूस बदलायची," घड्याळजी म्हणाले.

"आणि तीनदा?"

"तीनदा म्हणजे उगाच."

"उगाच वाजवाल तर मी यायची नाही हं, बाबा!"

पण ती यायचीच. "कळलं, कळलं, उगाच वाजवलीत!" असं ओरडत, ओले हात पुसत जायची आणि मग बापलेकीच्या गप्पा रंगायच्या. घड्याळजींचा हात इतका नेमका, की दोन ठोक्यांमधलं अंतर कधी चुकलं नाही. चिमी मला राखेने घासून लख्ख ठेवायची. ते माझे सुखाचे दिवस.

घड्याळजी गेले ते झोपेत. आदल्या संध्याकाळी मी तीनदा वाजले होते. चिमी गेली होती, दोघं हसली होती. हे फक्त तिला आणि मला ठाऊक.

चिमी परगावी दादाकडे राहायला गेली. घराला कुलूप लागलं. आणि वर्षभराने, घड्याळजी गेले त्याच सुमारास, बंद घरात मी वाजले.

खोटं कशाला सांगू? मीही दचकले. दोरीचं दुसरं टोक मला दिसत नाही. मलाही वाटलं, तेच असतील. मग दरवर्षी त्याच दिवसांत मी वाजू लागले. घर बंद झाल्यावर मागच्या दाराशी एका इस्त्रीवाल्याने टेबल मांडलं होतं. त्याने तिखटमीठ लावून गोष्ट पसरवली. एक भाडेकरू आला, तो गॅसवरचं दूध तसंच ठेवून पळाला. पुढे तर पोरंपोरी भूत बघायला येऊ लागली. खिडकीला नाक लावून उभी राहायची आणि मी वाजले की एकमेकांच्या पायांवर पाय देत पळायची. मला ओरडून सांगायचं असे, "अरे, मी आहे!" पण माझ्याकडे बोलायला तेवढा एकच आवाज, आणि त्यालाच तर सगळे भ्यायचे.

एका दुपारी चिमी आणि दादा आले. घर विकत घेऊन पाडणारं एक गिऱ्हाईक मिळालं होतं, सह्या दुसऱ्या दिवशी व्हायच्या होत्या. चिमीला खरं तर इथे परतायचं होतं. दादाच्या घरी तिला कोणी वावगं बोलत नव्हतं, पण तिचं शिलाई मशीन जिन्याखाली पडून होतं.

इस्त्रीवाल्याने त्यांना ओळखलं नाही. "भूत बघायला आलात? लांबूनच बघा. म्हातारा पाणी पाणी करत गेला बिचारा. पोरगी म्हणे ढाराढूर झोपलेली!"

चिमी स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला टेकली.

"दादा, मी दिलं होतं ना रे पाणी? ऐकून ऐकून आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"सोड ना, चिमे. उद्या सह्या केल्या की सुटलो."

मी जीव मुठीत धरून गप्प राहिले. निदान आज नको! आणि नेमका दोरीला हिसका बसला. एकदा. जरा थांबून चार वेळा. मग अर्धवट. इस्त्रीवाला हातातल्या इस्त्रीसकट पळाला. दादा अंगणात गेला.

"चिमे, बाहेर ये आधी!"

"थांब, मोजू दे."

"भुताचं काय मोजतेस?"

"दादा, बाबा असं वाजवतील? एखादं घड्याळ इतकं चुकलं असतं तर ते जेवले नसते."

ती दोरीच्या मागे मागे बाहेर गेली. थोड्या वेळाने तिचं हसू ऐकू आलं.

"दादा, खार आहे रे! दोरी उसवून धागे नेतेय. वळचणीत घरटं बांधलंय बघ."

दरवर्षी पिल्लांच्या दिवसांत तिला मऊ धागा लागायचा, एवढंच. चिमी उंबऱ्यावर येऊन बसली आणि रडू लागली.

"आता काय झालं? भूत नाही ना?" दादा म्हणाला.

"म्हणून तर."

दादा तिच्याजवळ बसला. तिने त्याला एकदाचं, दोनदाचं, तीनदाचं सगळं सांगितलं. सह्या झाल्या नाहीत.

मित्रांनो, रिकाम्या घराची गोष्ट सांगायला जीभ वळवळली, तर आधी दोरीचं दुसरं टोक पाहून या. त्या गोष्टीत कोणाची तरी लेक असते. आणि घरात माझ्यासारखं जुनं काही असेल तर त्याला अधूनमधून हात लावत जा. नाहीतर कोण ओढतंय, हे त्या बिचाऱ्यालाही कळत नाही.

आता पुढच्या खोलीत चिमीचं मशीन चालतं. जुनी दोरी खारीसाठी वळचणीतच सोडली आहे, माझी दोरी नवी आहे. इस्त्रीवाला सगळ्यांना सांगतो, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो, खार आहे म्हणून!"

परवा दादा आला होता. स्वयंपाकघरात चहा टाकत होता. मी वाजले. एक, दोन, तीन. अंतर अगदी सारखं.

दादा वर माझ्याकडे पाहत राहिला. मग ओरडला, "कळलं, कळलं, उगाच वाजवलीस!" आणि ओले हात पुसत निघाला.