चौथी पट्टी

आपल्याकडे माणसाची ओळख करून देताना आधी हुद्दा सांगतात आणि मग नाव. कधी कधी तर नावाची पाळीच येत नाही! या गोष्टीतल्या वैमानिकाचं तसंच झालं होतं. सगळी इमारत त्याला 'कॅप्टन' म्हणायची. लिफ्टमध्ये कॅप्टन, किराणा दुकानात कॅप्टन. त्याचे वडील तर फोन उचलून, "कॅप्टन ड्यूटीवर गेलेत," असं सांगायचे, जणू घरात मुलगा नाही, कोणी बडा पाहुणाच राहतोय.

आणि मग त्याची विमान कंपनी बंद पडली. पन्नाशीला टेकलेला माणूस घरी बसला. बरेच महिने खेटे घातल्यावर दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली खरी, पण कशी? विमान कंपन्यांत ज्येष्ठता मोजतात ती त्या कंपनीत रुजू झाल्या दिवसापासून. आधीचा अनुभव, डोक्यावरचे पिकलेले केस, कशालाच भाव नाही. कोणाला कोणती फ्लाइट, कोणाला सुट्टी, कोणी कॅप्टन कधी व्हायचं, सगळं त्या नंबरावर. नव्या भरतीत याचा नंबर सगळ्यात शेवटचा. म्हणजे पुन्हा उजवी खुर्ची, पुन्हा को-पायलट. कॅप्टनच्या खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असतात, को-पायलटच्या खांद्यावर तीन.

वडिलांना हे सांगायला त्याची जीभ रेटली नाही. मग त्याने एक भलताच उद्योग सुरू केला. घरून निघताना खांद्यावर जुन्या चार पट्ट्या, आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या त्या काढून तीन. परत येताना उलट!

बायकोला सगळं ठाऊक होतं. शर्टाला इस्त्री करताना ती म्हणायची, "अहो, किती दिवस चालणार ही खांदेपालट?"

"बाबांना धक्का बसेल," तो म्हणायचा.

"बाबांना बसेल की तुम्हाला?"

यावर तो गाडीची किल्ली शोधायला लागायचा.

त्या दिवशी दुपारी त्याला जिच्याबरोबर उडायचं होतं ती कॅप्टन त्याचीच विद्यार्थिनी निघाली. जुन्या कंपनीत यानेच तिला शिकवलं होतं. ती वेळीच इकडे आली, नंबर वर सरकला आणि तिशीतच डाव्या खुर्चीत बसली. "सर, तुम्ही!" म्हणत ती धावत आली. तिला मनापासून आनंद झाला होता. याने मात्र, "गुड आफ्टरनून, मॅडम," म्हणून मनाचं दार तिथेच लावून घेतलं.

प्रवासी चढताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याचे पांढरे केस पाहून त्याचाच हात हातात घेतला. "कॅप्टनसाहेब, सांभाळून न्या हं!" तो नुसता हसला, चूक सुधारली नाही. मागे ती उभी होती. तिने ऐकलं आणि तीही काही बोलली नाही. पुढे उड्डाणाच्या तयारीत त्याने जुन्या सवयीने एक स्विच आधी दाबला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, इथे हा नंतर दाबतात." एवढंच! पण त्याच्या मनाला ते लागलं. आता ही मला शिकवणार! त्याने ठरवून टाकलं, विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

उतरायची वेळ झाली. विमान ती चालवत होती. मागून वारा ढकलत होता, वेग हवा त्यापेक्षा जास्त होता, आणि वेगाचा काटा काही खाली येईना. अशा वेळी शेजारच्या वैमानिकाने "वेग!" असं मोठ्याने म्हणायचं असतं, आणि तरी जमत नसेल तर सांगायचं, "पुन्हा वर चला." शेजारची खुर्ची असते ती त्याचसाठी.

त्याला काटा दिसत होता. स्वच्छ दिसत होता! शब्द ओठांपर्यंत आले होते. पण मनात आलं, कॅप्टन ती आहे ना? तिला कळत नसेल का? आपण कोण, शेवटच्या नंबराचे! आणि तो गप्प बसला.

धावपट्टी खालून नुसती पळत राहिली. चाकं टेकली तेव्हा निम्मी धावपट्टी मागे गेली होती. तिने सगळा जोर लावून ब्रेक दाबले. सीटचे पट्टे आवळले गेले, मागे कोणीतरी किंचाळलं. कुंपणापलीकडच्या रस्त्यावरची वाहनं जवळ जवळ येऊ लागली. विमान थांबलं ते अगदी टोकाला, पुढे फक्त गवत होतं. कोणाला खरचटलंही नाही.

प्रवासी उतरून गेले. ती तशीच बसून होती.

"सर, वेग तुम्हाला दिसला नव्हता का?"

"दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कॅप्टन आहेस." दिवसभरात पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'तू' आलं.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "आणि मला वाटत होतं, सर शेजारी आहेत, सर गप्प आहेत, म्हणजे सगळं ठीक असणार! सर, मी काट्यापेक्षा तुमच्यावर जास्त विश्वास ठेवला. ती चूक माझीच आहे. पण तुम्हीच मला शिकवलं होतंत ना, की शेजारी गप्प बसणारा वैमानिक असण्यापेक्षा खुर्ची रिकामी बरी? नंबराने सुट्टी मिळते, खुर्ची मिळते. पण दिसलेलं सांगायला कुठला नंबर लागतो? मागे ते आजोबा बसले होते, सर. ते तुमचा हात धरून सांगून गेले होते!"

अरेरे! हा हात त्या माणसाने धरला होता! पट्ट्या मोजून नव्हे, भरवशाने. त्याला रडू आवरेना.

"रिपोर्ट मी लिहिते," ती म्हणाली. "माझी चूक लिहीन. तुमचं काय लिहायचं?"

"माझं मी लिहितो. सगळं लिहितो."

दुसऱ्या विमानाने परत आल्यावर त्याने पार्किंगमध्ये गाडीचा कप्पा उघडला. आत चार पट्ट्या होत्या. त्याने कप्पा बंद केला आणि तसाच घरी गेला.

दार वडिलांनी उघडलं. चष्मा सरळ करून त्यांनी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. "हे काय? एक पडली की काय रस्त्यात?"

"नाही बाबा. या नोकरीत ती मिळालेलीच नाही. मी को-पायलट आहे, सगळ्यात नवा. आणि आज माझ्या फुगलेल्या नाकापायी विमानभर माणसांचा जीव जात होता." दारातच त्याने सगळं सांगून टाकलं. बायको स्वयंपाकघरातून येऊन मागे उभी राहिली.

वडील खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मी गावभर कॅप्टन कॅप्टन करत फिरलो म्हणून तुझं असं झालं का रे?"

"नाही बाबा. मला ते ऐकायला आवडत होतं."

पुढे चौकशी झाली. दोघांनाही काही काळ विमानापासून दूर ठेवलं, तिच्या नावावर ठपका आला आणि त्याची कॅप्टनकी आणखी लांबली. कदाचित निवृत्तीपर्यंत मिळणारही नाही. रात्री त्याला अजून ते गवत दिसतं.

वाचकहो, आपण काही विमान चालवत नाही. पण ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात, घरातसुद्धा आपण असेच गप्प बसतो. धाकटे म्हणतात, मोठ्यांना कसं सांगायचं? मोठे रुसतात, आता आम्हाला कोण विचारतं? आणि दोघांच्या मध्ये तिसऱ्याचाच बळी जातो. ज्येष्ठता कामाची वाटणी करण्यासाठी आहे. ती तोंडाला कुलूप लावत असेल, किंवा गेली म्हणून माणूस कर्तव्य सोडत असेल, तर तिला मान कसला द्यायचा? ज्याला धोका दिसला त्याने बोललंच पाहिजे!

आणि हो, त्याने वडिलांना सगळं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी बेल वाजवली. "कॅप्टनसाहेब आहेत का?"

वडिलांनी दार पूर्ण उघडलं. "कॅप्टन इथे कोणी राहत नाही," ते म्हणाले. "माझा मुलगा आहे घरात. बोलावू?"